बोटाची साक्ष

नोव्हेंबर महिना उजाडला कीं निवृत्तिवेतन घेणाऱ्या आम्हां मंडळींस आपण अद्याप हयात आहों हें सरकारास कळवावें लागतें. यांत अपमान मानण्यासारखें कांहीं नाहीं. मेलेल्या माणसाच्या नांवें पैसे उचलणारे नातलग जगांत फार पूर्वींपासून आहेत आणि त्यांच्यापायीं जिवंतांस हा हेलपाटा पडतो. माझा दाखला मी पहिल्याच आठवड्यांत देऊन टाकतों. गेल्या नोव्हेंबरांत मात्र माझ्याबरोबर आमच्या वहिनीहि होत्या. थोरले बंधू निवर्तल्यापासून त्यांस कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें.

बँकेचें नांव मी सांगत नाहीं. जें घडलें तें कोणत्याहि बँकेंत घडलें असतें. टेबलावर कांचेची एक लहानशी डबी होती. वहिनींनीं उजवा अंगठा तिच्यावर ठेवला. यंत्रानें नकार दिला. मग तर्जनी झाली, मग डावा अंगठा झाला. कारकून तरुण आणि सभ्य होता. त्यानें फडक्यानें कांच पुसली, वहिनींस हात धुवून यावयास सांगितलें, आणि शेवटीं ओशाळून म्हणाला, "आजी, तुमचें बोट जुळत नाहीं."

वहिनींनीं आपल्या अंगठ्याकडे पाहिलें. "बोट माझेंच आहे हो," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचें घेऊन नाहीं आलें मी."

रांगेंतील माणसें हसलीं. मीहि हसलों. परंतु घर येईपर्यंत वहिनी एक अक्षर बोलल्या नाहींत. पन्नास वर्षें राख, चिंच, चुना आणि गरम तवा यांशीं ज्या बोटांचा संबंध आला त्यांवरील रेषा झिजल्या असल्यास नवल काय?

चार दिवसांनीं पोस्टमन घरीं आला. त्यानें आपल्या मोबाइलसमोर वहिनींस बसविलें, डोळ्यांची उघडझाप करावयास सांगितली, आणि चहा निवण्याच्या आंत हयातीचा दाखला झाला. बोटानें जें नाकारलें तें चेहऱ्यानें दिलें. असा दाखला यंत्राद्वारें देण्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ पासूनची आहे. चेहऱ्यावरून देण्याची २०२१ पासूनची. तेव्हां तो प्रसंग निभावला. पण त्या निमित्तानें जो विषय डोक्यांत शिरला तो जाईना, म्हणून तो आज वाचकांपुढें ठेवतों.

ओळख पटविणें हें पूर्वीं वर्षा-दोन वर्षांतून एकदां करावयाचें काम होतें. खातें उघडतांना, कर्ज काढतांना, वारसाचा प्रश्न निघाला तर. आतां तें प्रत्येक व्यवहाराच्या पोटांत जाऊन बसलें आहे. भाजीवालीस मोबाइलवरून चाळीस रुपये दिले तरी त्या दोन पळांत फोन आपलाच आहे ना, खातें आपलेंच आहे ना, गुप्त आंकडा आपणांसच ठाऊक आहे ना, याची तपासणी होऊन गेलेली असते. २०१६ सालीं निघालेली ही यूपीआयची पद्धति इतकी अंगवळणी पडली आहे कीं आपण तपासले जात आहों हें ध्यानांतहि येत नाहीं. जें ध्यानांत येत नाहीं त्याविषयीं विचार करणें मात्र आपण सोडून देतों.

मी नोकरींत असतांना बँकेंत खातें उघडावयाचें म्हणजे जुन्या खातेदाराची ओळख लागे. आमच्या जयसिंगपुरांतील निदान शंभर खातीं माझ्या सहीवर उघडलीं असतील. विद्यार्थी नोकरीस लागला कीं कागद घेऊन येई, "सर, एवढी ओळखीची सही." प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकतांना ज्याला मीं पकडलें होतें, त्याचीहि ओळख मीं दिली आहे, आणि तो आज सचोटीनें दुकान चालवितो हेंहि सांगितलें पाहिजे. आपल्या जुन्या सावकारींत शाहजोग हुंडी म्हणून एक प्रकार होता. तिचे पैसे येईल त्याला द्यावयाचे नसत, बाजारांत ज्याची पत आहे अशा शाहालाच द्यावयाचे. हुंडी बनावट निघाली तर पैसे परत करण्याची जोखीम त्या शाहावर. म्हणजे ओळख देणारा केवळ ओळख देत नसे, तो तिच्यामागें उभाहि राहात असे.

ही पद्धति आम्हांस गोड वाटते, कारण ओळखणारे आमचेच होते. ज्याला ओळखणारा प्रतिष्ठित माणूस गांवांत कोणी नाहीं त्याची काय वाट? ऊंस तोडावयास दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबास आमच्या शिरोळ तालुक्यांत कोणी ओळख दिली असती? नवऱ्यानें टाकलेल्या बाईस? २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत एका खेडुत स्त्रीच्या हातीं देशांतला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो या अडचणीवरचा उतारा म्हणून. पुढें २८ ऑगस्ट २०१४ रोजीं जनधन योजना निघाली आणि ज्यांनीं बँकेचा उंबरा कधीं ओलांडला नव्हता अशांचीं कोट्यवधि खातीं उघडलीं. त्यांच्या ओळखीस कोणा मास्तराची सही लागली नाहीं. मला याचा खेद नाहीं.

आमच्या गांवाला क्रमांकांचें वावडें असूंहि नये. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या जनकपित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नांवानें हें गांव वसविलें तें आंखीव. येथें पत्ता विचारला तर अजूनहि गल्लीचा क्रमांक सांगतात. २०१९ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेकांठच्या आमच्या तालुक्यांतील किती घरांत पासबुकें आणि शिधापत्रिका भिजून लगदा झाल्या! कागद भिजतो, बारा आंकडे भिजत नाहींत. त्या बारांतला शेवटचा आंकडा आधींच्या अकरांवरून गणितानें काढलेला असतो, त्यामुळें एखादा आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर यंत्राला तें लगेच कळतें. गणिताच्या शिक्षकानें मुलांस दाखवावा असा हा चमत्कार आहे.

बोटाची गोष्ट मात्र क्रमांकाहून जुनी आहे, आणि ती आपल्याच देशांतली आहे. १८५८ सालीं बंगालमध्यें विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला, आणि त्यानें पुढें नाकबूल होऊं नये म्हणून कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढें १८७७ त हुगळीस दंडाधिकारी असतांना याच हर्शेलनें दस्तांच्या नोंदणीस आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस बोटांचे ठसे लागू केले. कारण हेंच: म्हातारा मेला तरी त्याचें वेतन घरचीं माणसें उचलीत राहात. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठसे वर्गवार लावण्याची जी रीत जगभर हेन्री या साहेबाच्या नांवानें गाजली तिच्यामागील मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांची. सांगण्याचें तात्पर्य, वहिनींचा अंगठा ज्या डबीवर ठेवला गेला तिची वंशावळ हुगळीच्या म्हाताऱ्यांपर्यंत जाते. फरक इतकाच कीं हुगळीस ठसा पाहणारा माणूस समोर बसलेला असे. आतां बँक स्वतः कांहीं ताडून पाहात नाहीं. ठसा दूरच्या मध्यवर्ती भांडाराकडे जातो, तेथून "होय" किंवा "नाहीं" एवढेंच उत्तर येतें, आणि "नाहीं" कां, हें कारकुनासहि सांगतां येत नाहीं.

संस्कृत शिकलेल्या माणसास अशा वेळीं दोन नाटकें आठवल्याशिवाय राहात नाहींत. कालिदासाच्या नाटकाच्या नांवांतच अभिज्ञान आहे. खरी पत्नी पुढें उभी आहे, परंतु खुणेची अंगठी पाण्यांत पडली, म्हणून राजा तिला ओळखीत नाहीं. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत याच्या उलट आहे. अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं लागते; तिनें मुद्रित केलेलें कपटपत्र मलयकेतु खरें मानतो आणि राक्षसासारख्या निष्ठावंतास दूर लोटतो. एकीकडे माणूस खरें असून खूण नाहीं म्हणून नाकारलें गेलें, दुसरीकडे खूण खरी असल्यामुळें लबाडी स्वीकारली गेली. आजच्या यंत्रास हे दोन्ही दोष आहेत.

पहिल्या दोषाची शकुंतला आमच्या घरींच निघाली. दुसऱ्याविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण पुष्कळ घरांत तें ठाऊक नसतें. खेडोपाडीं बँकमित्र लहानसें यंत्र घेऊन बसतो. बँकेचें नांव, आधार क्रमांक आणि बोट, एवढ्यावर तो रोख पैसे देतो. पासबुक लागत नाहीं, गुप्त आंकडा लागत नाहीं. निरक्षर म्हातारीस ही केवढी सोय! पण जमिनीच्या खरेदीखतांवरील अंगठे पाहून त्यांचे रबरासारखे सांचे करावयाचे आणि त्यांनीं परक्याच्या खात्यांतून पैसे काढावयाचे, असे गुन्हे देशांत निरनिराळ्या ठिकाणीं उघडकीस आले आहेत. हर्शेलनें ज्या दस्तावर अंगठा पहारेकरी म्हणून बसविला, त्याच दस्तावरून आज अंगठा चोरीस जातो. राक्षसाला नवी मुद्रा करवून घेतां आली असती. माणसाला नवें बोट कोठून आणावयाचें?

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा पडत नाहीं. आधारच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मोबाइलवरील अॅपांत आपल्या बोटांस व डोळ्यांस कुलूप घालतां येतें. लागेल तेव्हां तें थोड्या वेळापुरतें उघडावयाचें, पुन्हां लावावयाचें. आधारची प्रत कोणास द्यावी लागली तर पहिले आठ आंकडे झांकलेली प्रत मिळते, तीच द्यावी. लग्नाचें कार्यालय ठरवितांना आणि प्रवासांत खोली घेतांना आपण पुऱ्या क्रमांकाच्या प्रती हळदीकुंकवासारख्या वाटतों, तें थांबवावें.

कायद्याचेंहि थोडें सांगावयास हवें. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. निवृत्त माणसानें काय करावें असें विचारणाऱ्यांस मी हें उदाहरण देतों. त्या खटल्यांतून २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानें आधारचा कायदा टिकला, प्राप्तिकरासाठीं आणि सरकारी लाभांसाठीं क्रमांक मागणें टिकलें, पण बँकेच्या खात्यास तो जोडण्याची सक्ति गेली. आणि यंत्रानें ओळखलें नाहीं एवढ्यावरून खऱ्या हक्कदाराचा लाभ बुडतां कामा नये, हेंहि न्यायालयानें नमूद केलें. २०१९ च्या दुरुस्तीनें खातेदारानें स्वखुशीनें दिला तर बँकेस आधार घेतां येतो. स्वखुशी हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण आतां मी घरांत शिरतों.

माघांत वहिनींच्या एका ठेवीची मुदत संपली. त्यांस ती मोडून धाकट्या नातीच्या शिक्षणासाठीं कांहीं रक्कम द्यावयाची होती. पुन्हां तीच बँक, तोच सभ्य कारकून. त्यानें सगळें भरलें आणि म्हणाला, "आजी, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा." ओटीपी म्हणजे एका व्यवहारापुरता पाठविलेला सहा आंकडी संकेत, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. वहिनींपाशीं मोबाइल नव्हता. संकेत आला होता पुण्यास, त्यांच्या मुलाच्या खिशांत. तो कचेरीच्या बैठकींत होता. दोनदां मुदत टळली. तिसऱ्या खेपेस त्यानें फोन घेतला आणि ते सहा आंकडे सांगितले. आणि मीं ते सर्वांसमक्ष मोठ्यानें उच्चारले, शाळेंत उजळणी म्हणून घ्यावी तसे. काम झालें. वहिनींनीं विचारलें, "मग मी कशाला आलें होतें?"

त्या दिवशीं संध्याकाळीं मीं घरांतील हिशेब मांडला. घरांत मोठीं माणसें आठ, आणि त्यांतील पांचांच्या खात्यांस जोडलेला मोबाइल क्रमांक एकच, पुतण्याचा. त्यांत माझें एक खातें निघालें हें सांगावयास लाज वाटते. यांत कोणाचा कपटभाव नव्हता. अर्ज भरतांना मुलगा शेजारीं बसलेला असतो, रकाना येतो, तो आपला क्रमांक घालतो, आणि आपण कौतुकानें पाहतों. हिंदु एकत्र कुटुंबास कर्ता असतो. त्याला अधिकार असतो, पण तो कर्ता आहे हें घरांत सर्वांस माहीत असतें आणि हिशेब त्याला विचारतां येतो. आमच्या घरीं कर्तेपण कोणी न देतां, कोणी न घेतां, दहा आंकड्यांकडे जाऊन बसलें होतें.

ही कांहीं आमच्याच घरची कथा नव्हे. २०२४ सालीं राज्यानें लाडकी बहीण योजना काढली. महिना दीड हजार रुपये स्त्रीच्या स्वतःच्या, आधारशीं जोडलेल्या खात्यांत जातात. खातें तिच्या नांवाचें हवें हा आग्रह उत्तम. २०२५ सालीं पुन्हां ओळख पडताळून घेण्याचें फर्मान निघालें, त्यांत पतीचा किंवा पित्याचाहि आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाइलवरचा संकेत मागितला. ज्यांस दोघेहि नाहींत त्या बायांची जी धांवपळ झाली ती आमच्या गल्लींतहि मीं पाहिली. त्यांच्यासाठीं पुढें वेगळी सोय करावी लागली. म्हणजे खातें बाईचें, पैसे बाईचे, आणि साक्ष पुन्हां पुरुषाचीच. मग आमच्या सुशिक्षित घरांनीं खेड्यांतल्या घरांस हसण्याचें कारण नाहीं.

होळीस पुतण्या आला तेव्हां मीं विषय काढला. वहिनींस स्वतंत्र मोबाइल द्यावा आणि त्यांचें सगळें त्यावर जोडावें, असें मीं सुचविलें. त्याला तें लागलें. "काका, माझ्यावर विश्वास नाहीं का?" तो म्हणाला. मग शांत होऊन म्हणाला तें मात्र खोटें नव्हतें: "आईच्या हातीं ओटीपी येऊं लागला तर पहिल्याच लबाडाला ती तो वाचून दाखवील. रोज असे फोन येतात. माझ्याकडे क्रमांक आहे म्हणून तिचे पैसे शाबूत आहेत."

याला माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. वृद्धांच्या ठेवी अशा फोनांनीं गेल्याच्या बातम्या मीहि वाचतों. सुरक्षितता आणि स्वाधीनता यांचें येथें खरेंच भांडण आहे, आणि पुतण्याची बाजू प्रेमाची होती.

वहिनी वाटाणे सोलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारणार आहे का?" आम्ही दोघेहि गप्प झालों. "तुझे बाबा माझ्या नांवानें कांहीं करीत तेव्हां कागद आणून पुढें ठेवीत. काय लिहिलेंय तें मी विचारीत असें, चार वेळां विचारीत असें, आणि मग सही करीत असें. आतां कागद नाहीं आणि सहीहि तूंच करतोस. तूं बरोबरच करीत असशील रे. पण मला कळतसुद्धां नाहीं कीं मीं सही केली."

मी चाळीस वर्षें मुलांस शिकविलें, पण ओटीपी ही सही आहे हें इतक्या थोडक्यांत मला कोणी सांगितलें नव्हतें.

त्यानंतरचें काम कंटाळवाणें होतें, तरी कोणाच्या उपयोगीं पडेल म्हणून सांगतों. वहिनींसाठीं मोठ्या अक्षरांचा मोबाइल घेतला. त्याचा क्रमांक आधारला जोडण्यासाठीं केंद्रावर गेलों. तेथेंहि बोटानें नकार दिला, तेव्हां डोळ्यानें काम झालें. नोंदणीच्या वेळीं दहा बोटें, दोन डोळे आणि चेहरा असें सगळेंच घेतलेलें असतें, त्यामुळें एक हटलें तर दुसरें मागावें. न मागतां बहुधा देत नाहींत. आधारचा क्रमांक बदलला म्हणजे बँकेंतला आपोआप बदलत नाहीं, त्यासाठीं बँकेंत वेगळा अर्ज द्यावा लागतो. मग बोटांस कुलूप घातलें. पुतण्यानें आपल्या हातानें सगळें केलें, आणि आईला एक वही करून दिली. पहिल्या पानावर त्यानें तीनच ओळी लिहिल्या: फोनवर कोणी संकेत मागितला तर फोन ठेवावा, पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर सांगावें, आधारचें कांहीं विचारावयाचें तर १९४७. हा शेवटचा क्रमांक वहिनींच्या लगेच पाठ झाला. स्वातंत्र्याचें वर्ष म्हणून त्या तो सांगतात.

वैशाखांत तसा फोन आलाच. मी ओसरीवर होतों. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीनें बोलत असावा, कारण वहिनी आधीं फार नम्रपणें "हो, हो" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, तुमची बँक माझें बोटसुद्धां मानीत नाहीं, मग मी तोंडानें सांगितलेला आंकडा कसा मानाल?" आणि फोन ठेवून दिला. पुतण्यास ही हकीकत त्यांनीं स्वतः कळविली.

आतां महिन्याच्या आरंभीं निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश येतो तो त्या चष्मा लावून वाचतात आणि वहींत लिहितात. मागच्या महिन्यांत जमेंत बँकेचा कसलासा खर्च कापलेला होता. तो कां, हें विचारावयास त्या एकट्या जाऊन आल्या. उत्तर कांहीं त्यांस पटलेलें नाहीं. पुढच्या नोव्हेंबरास अजून अवकाश आहे. तरी कारकुनानें एकदां म्हटलें होतें कीं कातडी मऊ असली तर ठसा नीट उठतो, म्हणून त्या रोज रात्रीं उजव्या अंगठ्यास साजूक तूप चोळून निजतात. चेहऱ्यानें काम भागतें, डोळ्यानेंहि भागतें, हें मीं त्यांस दहा वेळां सांगितलें.

"तें ठाऊक आहे भावोजी," त्या म्हणतात, "पण बोट माझें आहे. तें माझें आहे असें त्या डबीनें एकदां म्हटलें पाहिजे."